आवाज कुठे अडला?

अनंत चतुर्दशी उलटली की पुढचे काही आठवडे साऊंड सिस्टीम दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. दहा दिवस आरतीला, भजनाला, मुलांच्या स्पर्धांना आणि शेवटी मिरवणुकीत टेम्पोवर राबलेले मिक्सर तिथे एकावर एक रचून ठेवलेले असतात. बटणांच्या खाचांत गुलाल बसलेला, पंख्याची जाळी धुळीने बुजलेली, मागच्या सॉकेटात तुटकी पिन अडकलेली. प्रत्येकाची तक्रार मात्र दोन-तीन शब्दांत आटोपते: आवाज येत नाही, एक बाजू बंद आहे, हमिंग येतं, आवाज फाटतो, फ्यूज टिकत नाही. तक्रार खरी असते, पण बिघाडाचा पत्ता तिच्यात नसतो. आवाज न येण्याची कारणं पन्नास असू शकतात. त्यांतलं त्या दिवशीचं एक शोधायचं असतं.

ते कसं शोधतात, हे या प्रकरणात पाहू. ज्याला सोल्डरिंग आयर्न हातात धरता येतं त्याला यातून कामाची दिशा मिळेल. ज्याला येत नाही अशा मंडळाच्या कार्यकर्त्याला किंवा देवळाच्या विश्वस्ताला, दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधी काय तपासायचं आणि त्याला काय सांगायचं, एवढं तरी नक्की कळेल.

पॉवर्ड मिक्सर ही एकाच पेटीत बसवलेली तीन यंत्रं आहेत. माइकचे आवाज एकत्र करणारा मिक्सर, तो आवाज स्पीकर हलवू शकेल इतका मोठा करणारा ॲम्प्लिफायर, आणि या दोघांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय. भजनी मंडळं, शाळा, छोटी देवळं यांना हे सोयीचं पडतं. एक पेटी, दोन स्पीकर, चार माइक, रिक्षातसुद्धा मावतं. पण या सोयीची किंमत आहे. गायकाच्या माइकमधून येणारा सिग्नल जेमतेम दोन-तीन मिलीव्होल्टचा असतो. आठ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट द्यायचे तर २८ व्होल्ट लागतात. म्हणजे त्याच पेटीत सिग्नल सुमारे दहा हजार पटींनी वाढतो, आणि शेजारूनच २३० व्होल्टची मेनची वायर जात असते. ॲम्प्लिफायरची उष्णता नाजूक सर्किटपर्यंत पोचते, ट्रान्सफॉर्मरच्या वजनाने टेम्पोतल्या प्रत्येक खड्ड्यागणिक बोर्ड हलतो. मिक्सर आणि ॲम्प्लिफायर वेगळे असते तर एक बिघडला तरी दुसरा चालला असता. इथे एक गेला की सगळंच बंद.

तरीही हा आवाज पेटीत एका ठरलेल्या रस्त्याने जातो. माइकचं सॉकेट, प्रीॲम्प, टोन कंट्रोल, चॅनेलचा फेडर, मास्टर, ग्राफिक इक्वलायझर, पॉवर ॲम्प, रिले, स्पीकरचं सॉकेट. शेवटच्या शेतात पाणी येत नसेल तर जाणता शेतकरी विहिरीपासून पाट चाचपत बसत नाही. तो थेट मधल्या दारावर जाऊन पाहतो, की पाणी इथवर आलंय का. आलं असेल तर वरचा अर्धा पाट ठीक आहे, नसेल तर खालचा अर्धा पाहायची गरज नाही. मिक्सरमध्ये नेमकं हेच करायचं. सोळा टप्पे असतील तर प्रत्येक वेळी अर्धे बाद करत गेल्यास चार चाचण्यांत बिघाडाच्या टप्प्यावर पोचता येतं. माझ्या मते दुरुस्तीतलं सगळ्यात मोठं कौशल्य हे आहे. अंदाजाने पार्ट बदलत सुटणारा माणूस कधीकधी लवकर पोचतो, पण त्याने वाटेत किती चांगले टाके उकलले आणि किती नवे बिघाड घातले, याची मोजदाद कोणी करत नाही.

पहिला अर्धा भाग पेटीच्या बाहेरच असतो. दुसरा माइक, दुसरी केबल, दुसरा स्पीकर लावून पाहिल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नये. केबल पायाखाली येते, गुंडाळताना पिळली जाते, पिनेजवळ आतून तुटते. एक्सएलआर केबलमध्ये एक नंबरच्या पिनेवर शील्ड, दोन आणि तीनवर सिग्नल असतो. मल्टिमीटरच्या बीपवर तिन्ही जोडण्या केबल हलवत तपासायच्या. हलवताना बीप तुटलं तर दोषी सापडला. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सुमारे सहा ओहम दाखवतो, कारण मीटर डीसी रोध मोजतो. शून्याजवळ आकडा आला तर वायर शॉर्ट आहे किंवा कॉइल जळून चिकटली आहे, आणि असा स्पीकर चांगल्या मिक्सरलाही जोडू नये. कंडेन्सर माइक बंद पण साधा डायनॅमिक माइक त्याच चॅनेलवर चालू, असं असेल तर ४८ व्होल्टचा फँटम सप्लाय पाहायचा. आणि शिट्टी वाजते म्हणून आलेला मिक्सर बहुधा निरोगी असतो. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून फिरत राहतो, त्याची ती शिट्टी. त्यावर इलाज म्हणजे स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला ठेवणं.

बाहेर सगळं ठीक असेल तर पेटी न उघडताच आणखी एक अर्धा भाग बाद करता येतो. माइकवर बोलताना पुढच्या पट्टीवरचे दिवे नाचतात का? हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू येतं का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर मिक्सरचा भाग शाबूत आहे आणि दोष पॉवर ॲम्पकडे आहे. दिवे मेलेले असतील तर उलट.

बहुतेक पॉवर्ड मिक्सरांना मागे किंवा पुढे ‘प्री आउट’ आणि ‘ॲम्प इन’ अशी दोन सॉकेटं असतात. दुरुस्ती करणाऱ्याला यंत्राने दिलेलं हे सगळ्यात मोठं दान आहे, आणि याच्याकडे लोक वर्षानुवर्षं पाहतसुद्धा नाहीत. ‘ॲम्प इन’मध्ये मोबाइलचं गाणं हळू आवाजात द्या, स्पीकर वाजला तर पॉवर ॲम्प, रिले आणि सप्लायचा मोठा भाग एकाच चाचणीत निर्दोष सुटतो. ‘प्री आउट’मधून सिग्नल दुसऱ्या ॲम्प्लिफायरला द्या, तो वाजला तर त्याच्या अलीकडचा सगळा मिक्सर निर्दोष.

दोन्ही चाचण्या पास झाल्या आणि तरी आवाज येत नसेल तर? ही अवस्था नवख्याला चक्रावून टाकते, पण तिचं कारण सुंदर आहे. ‘ॲम्प इन’च्या सॉकेटात एक पातळ पत्री असते. पिन घातलेली नसताना मिक्सरचा आवाज या पत्रीतून ॲम्पकडे जातो. पिन घातली की पत्री उचलली जाते आणि आतला रस्ता तुटून बाहेरचा सुरू होतो. वर्षानुवर्षं पिन कुणी घातलीच नाही तर पत्रीवर काजळी धरते, कोकणातल्या दमट हवेत तर लवकरच. मग आवाज कधी येतो, कधी दबतो, पेटीवर थापटलं की परत येतो. खात्री करायची तर दोन्ही टोकांना पिन असलेली छोटी केबल ‘प्री आउट’ ते ‘ॲम्प इन’ जोडायची. आवाज आला की निदान पक्कं. सॉकेटात काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर केली की बहुतेक वेळा काम होतं. शेकडो रुपयांचे आयसी बदलून पाहिलेले मिक्सर या एका पत्रीपायी अडलेले असतात. चॅनेलवर ‘इन्सर्ट’ सॉकेट असेल तर तिथेही असंच.

आता पेटी उघडायची. इथे थांबून एक गोष्ट गंभीरपणे सांगितली पाहिजे. पिन काढली म्हणजे वीज गेली, हे खरं नाही. सप्लायमधले मोठे कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात. ट्रान्सफॉर्मरच्या मिक्सरमध्ये तो ४० ते ७० व्होल्टचा असतो. स्विच मोड सप्लाय असलेल्या नव्या मिक्सरमध्ये मेनच्या बाजूचा कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टवर भरलेला असतो, आणि तो माणूस मारू शकतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची पद्धत सोडून द्यावी. तिने कपॅसिटर आणि बोर्डचे ट्रॅक दोन्ही खराब होतात. कमी व्होल्टेजच्या कपॅसिटरसाठी १०० ओहमचा पाच-दहा वॅटचा रेझिस्टर पुरतो: १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्यातून पाचएक सेकंदांत रिकामा होतो. ३२५ व्होल्टच्या कपॅसिटरसाठी दोन-अडीच हजार ओहमचा घ्यायचा. दोन्ही वेळा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी धरायचा, आणि शेवटी मीटर लावून व्होल्टेज खरंच उतरलंय का ते पाहायचं.

झाकण निघालं की आधी नाक आणि डोळे. जळका वास, काळवंडलेला रेझिस्टर, डोक्यावर फुगलेला कपॅसिटर, सप्लायवर चिकटून मेलेली पाल, निसटलेली रिबन केबल. या चपट्या केबलची कनेक्टरं प्रवासात सैल होतात. नुसती काढून पुन्हा बसवल्यावर जिवंत झालेले मिक्सर कमी नाहीत. मग फ्यूज. काचेच्या फ्यूजची तार मधोमध नुसती तुटलेली असेल तर भार थोडा जास्त झाला होता किंवा फ्यूज म्हातारा झाला होता. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर तार वितळली नाही, तिची वाफ झाली. आत कुठेतरी सरळ शॉर्ट आहे. अशा वेळी नवा फ्यूज घालून पाहणं म्हणजे तोही घालवणं. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणं तर अक्षम्य आहे. शंभर वेळा मंडपात ‘कार्यक्रम तर होऊ दे’ म्हणून ते केलं जातं, आणि मग दोन रुपयांच्या काचेऐवजी ट्रान्सफॉर्मर जळतो.

शॉर्टचा संशय असलेलं यंत्र चालू करण्याची सुरक्षित रीत म्हणजे सिरीज लॅम्प. मिक्सरच्या मेनच्या एका वायरीत १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब ओळीत जोडायचा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. तारेच्या बल्बचा रोध थंड असताना सुमारे ४० ओहम असतो आणि पूर्ण तापल्यावर ५२९ ओहम. चांगला मिक्सर चालू करताना कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब क्षणभर पेटतो आणि मंद होतो. तो भगभगीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, पण सगळा मार बल्बने झेलला आणि काही जळलं नाही. हे साधन घरी थोड्या खर्चात होतं. ते नसलेल्या टेबलावर मी माझं यंत्र ठेवणार नाही.

बल्ब पेटून राहिला की संशयित दोनच मोठे: सप्लायचा ब्रिज रेक्टिफायर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर. वीज काढून, कपॅसिटर रिकामे करून मीटर डायोडच्या खुणेवर ठेवायचा. चांगला सिलिकॉन जंक्शन एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्टच्या आसपास आकडा दाखवतो, दुसऱ्या दिशेने काही नाही. दोन्ही दिशांनी शून्याजवळ आकडा आणि बीप आलं तर तो गेला. स्टिरिओ मिक्सरमध्ये दोन बाजूंचे ॲम्प हुबेहूब सारखे असतात, ही इथली मोठी मदत. डाव्या बाजूचा आकडा खरा की खोटा, हे उजव्या बाजूला विचारायचं. सर्किटचा नकाशा नसला तरी चालू बाजू हाच नकाशा.

आउटपुट ट्रान्झिस्टरवर थोडं रेंगाळायला हवं, कारण या यंत्राचा खरा घात तिथेच होतो. जुन्या मिक्सरमध्ये आरसीए कंपनीने १९६० च्या दशकात आणलेला २एन३०५५ हा धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर सापडतो. त्याची टोपीच कलेक्टर असते आणि तिला जोडणी मिळते ती स्क्रूमधून. म्हणून तिथे स्क्रू सैल होणं हासुद्धा विजेचा बिघाड ठरतो. आजच्या मिक्सरमध्ये सी५२०० आणि ए१९४३ ही जोडी जागोजागी दिसते: १५ अँपिअर, १५० वॅट, २३० व्होल्ट अशी तिची कमाल मर्यादा. एक ट्रान्झिस्टर धन अर्धी लाट ढकलतो, दुसरा ऋण. त्यांतला एक आतून शॉर्ट झाला की सप्लायचं अख्खं व्होल्टेज स्पीकरवर बसतं. समजा ते ४५ व्होल्ट आहे आणि कॉइल सहा ओहमची. मग साडेसात अँपिअर वाहतात आणि ३३७ वॅट नुसत्या उष्णतेच्या रूपाने त्या बारीक तारेत ओतले जातात. काही सेकंदांत धूर. हे टाळायलाच रिले असतो. चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी येणारी ‘टक’ ही त्याची, ‘आउटपुटवर डीसी नाही, स्पीकर जोडतो’ अशी ग्वाही. टक आली नाही तर रिले खराब समजून त्याला तारेने ओलांडणारे लोक आहेत. रिलेने नकार दिला असेल तर आधी त्याचं ऐकावं; त्याच्या अलीकडे मीटर लावून डीसी मोजावा. निरोगी ॲम्पमध्ये तो शून्याच्या आसपास, फार तर काही दहा मिलीव्होल्ट असतो.

रिलेचाही स्वतःचा एक आजार आहे. काँटॅक्ट काजळले की हळू आवाजात बोलणं फाटतं किंवा गायब होतं, आणि जोरात ओरडलं की अचानक मोकळं होतं. असं लक्षण ऐकलं की ट्रान्झिस्टरकडे जाऊच नये. रिले बदलावा, तो स्वस्त असतो.

जळलेली जोडी बदलणं हे हाताचं काम आहे, आणि ते घाईत बिघडतं. दोन्ही ट्रान्झिस्टर एकत्र बदलायचे, कारण जो शॉर्ट दिसत नाही त्यानेही मार खाल्लेला असतो. त्यांच्या एमिटरचे ०.२२ ते ०.४७ ओहमचे सिमेंटचे रेझिस्टर आणि मागे असलेले ड्रायव्हर ट्रान्झिस्टर तपासायचे. आउटपुट ट्रान्झिस्टर बहुधा एकटा जात नाही. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाची चकती आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या पेस्टचा अगदी पातळ थर. स्क्रू कसल्यावर कलेक्टर आणि हीटसिंक जोडले गेले नाहीत ना, ते मीटरवर पाहायचं. चकतीला गेलेला बारीक तडा किंवा खाली राहिलेला पत्र्याचा कीस नवी जोडीही घेऊन जातो.

आणि हीटसिंकवरच चिकटवलेला एक छोटा ट्रान्झिस्टर असतो, त्याला विसरायचं नाही. तापमान एक अंश वाढलं की ट्रान्झिस्टरचं बेसचं व्होल्टेज सुमारे दोन मिलीव्होल्टने उतरतं. ते भरून काढलं नाही तर गरम ट्रान्झिस्टर जास्त करंट ओढतो, जास्त करंटने आणखी गरम होतो, आणि हे चक्र तो जळाल्यावरच थांबतं. तो छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकची उष्णता ‘जाणून’ बायस, म्हणजे आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमध्ये थोडा करंट वाहता ठेवणारं व्होल्टेज, कमी करत राहतो. दुरुस्तीत तो हवेत लटकत राहिला तर मिक्सर टेबलावर उत्तम चालेल आणि कीर्तन रंगात आलं की बंद पडेल. उलट बायस फारच कमी ठेवला तर हळू आवाज खरबरीत येतो आणि मोठा आवाज ठीक वाटतो. बायस मोजायचा तो एमिटर रेझिस्टरवर, मिलीव्होल्टमध्ये. ०.२२ ओहमवर पाच मिलीव्होल्ट म्हणजे सुमारे २३ मिलीअँपिअर. नेमका आकडा त्या मॉडेलप्रमाणे किंवा चालू बाजूप्रमाणे ठेवायचा.

ट्रान्झिस्टर कुठून घेतला, यावरही दुरुस्तीचं आयुष्य ठरतं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, सामान सगळं मिळतं. पण सी५२०० ची नक्कलही बाजारात खूप आहे. वरून तसाच दिसणारा, आत मात्र लहानशी सिलिकॉनची चिप असलेला नकली ट्रान्झिस्टर कमी आवाजात पास होतो आणि पूर्ण भारावर जातो. फारच स्वस्त मिळाला तर शंका घ्यावी, आणि रोजच्या दुकानदाराशी असलेल्या विश्वासाला इथे पैशांइतकीच किंमत द्यावी.

पण ट्रान्झिस्टर का जळला, हे शोधल्याशिवाय मिक्सर परत दिला तर तो पुढच्या उत्सवात परत येणार. पहिला प्रश्न: किती स्पीकर जोडले होते? आठ ओहमचे दोन समांतर जोडले की चार ओहम होतात, चार जोडले की दोन. बहुतेक पॉवर्ड मिक्सर एका बाजूला चार ओहमपर्यंतच सोसतात. गर्दी वाढली म्हणून शेजारच्या मंडळाचे दोन बॉक्स आणून लावले, ही कहाणी दर वर्षी ऐकू येते. दुसरा प्रश्न हवेचा. मिक्सरवर शाल, मागे भिंतीला टेकलेला पंखा, जाळीत गुलाल. तिसरा प्रश्न विजेचा, आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो. मंडपात तीन फेजची लाइन किंवा जनरेटर असतो. न्यूट्रलची जोडणी सैल झाली की एका फेजवरची उपकरणं दुसऱ्या फेजवरच्या उपकरणांशी ओळीत जोडली जातात, आणि ज्या बाजूला भार कमी तिथे २३० व्होल्टऐवजी ४०० व्होल्टच्या दिशेने आकडा चढतो. दिव्यांच्या माळा अचानक लखलखल्या आणि मग मिक्सर गेला, असं कुणी सांगितलं तर दोष बोर्डात शोधण्याआधी मंडपवाल्याच्या जोडणीत शोधावा.

हमिंगची तक्रार कानानेच अर्धी सुटते. मेनची वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायरनंतर लहर होते १०० हर्ट्झची. खोल, गोल घूं ५० हर्ट्झची असेल तर ती बाहेरून शिरलेली आहे: तुटलेलं शील्ड, अर्थिंगचा फेरा, लॅपटॉपच्या चार्जरची जोडणी. किंचित उंच, कर्कश गुणगुण १०० हर्ट्झची असेल तर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेत. सगळे आवाज शून्यावर आणूनही ती येत राहिली तर जवळजवळ खात्रीच. या कपॅसिटरांचं आयुष्य उष्णतेवर अवलंबून असतं. दर दहा अंश तापमान कमी राहिलं तर ते ढोबळमानाने दुप्पट होतं. पंखा स्वच्छ ठेवणं म्हणूनच दुरुस्तीइतकं मोलाचं. अर्थिंगच्या फेऱ्याने येणारी घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन कापणारे लोक मात्र जिवाशी खेळतात. माइक धातूचा असतो, तो ओठांशी असतो, आणि केबलचं शील्ड मिक्सरच्या पेटीला जोडलेलं असतं. घूं घालवायची तर सिग्नलच्या वाटेत डीआय बॉक्स किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरावा. अर्थ कधीही तोडू नये.

मिक्सरच्या भागातले दोष तुलनेने सौम्य. सगळेच चॅनेल एकदम मेले तर आयसींना मिळणारे अधिक-उणे १५ व्होल्ट पाहायचे. ते देणाऱ्या ७८१५ आणि ७९१५ या रेग्युलेटरांपैकी एक गेलेला असतो किंवा त्याच्या पायाचा टाका सुटलेला असतो. एकच चॅनेल मेला तर शेजारच्या चॅनेलशी तुलना करत जायचं. इथल्या ४५५८ किंवा टीएल०७२ सारख्या आठ पायांच्या आयसीची चाचणी फार सोपी आहे: आठ नंबरच्या पायावर अधिक १५, चारवर उणे १५, आणि एक व सात या आउटपुटच्या पायांवर शून्याच्या आसपास व्होल्टेज. आउटपुटचा पाय अधिक तेरा किंवा उणे तेरावर चिकटून बसला असेल तर आयसी बहुधा गेला. खरखर करणाऱ्या पॉट आणि फेडरसाठी काँटॅक्ट क्लीनर. गंज सोडवणारं तेल नको, त्यावर धूळ आणि गुलाल चिकटून महिन्याभरात पुन्हा खरखर येते.

खरा संयम लागतो तो येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडाला. अर्धा तास नीट चालतो, मग आवाज जातो, थंड झाला की परत. बहुतेक वेळा हा सुटलेला टाका असतो. सॉकेट, पॉट, ट्रान्सफॉर्मरची जोडणी, जिथे जिथे पार्टला धक्का बसतो किंवा तो तापतो, तिथे पायाभोवती केसाएवढी गोल चीर पडते. भिंगाखाली, तिरप्या उजेडात ती दिसते. मिक्सर चालू ठेवून बोर्डवर सुक्या बांबूच्या काडीने हलके टोकत जायचं. जिथे टोकल्यावर खर्रकन आवाज होतो त्याच्या आसपास चीर. उष्णतेचा दोष असेल तर हेअर ड्रायरने एकेक भाग थोडा तापवून पाहता येतो. युरोपीय संघाने २००६ मध्ये शिशाच्या वापरावर बंधन आणल्यापासून बरेच बोर्ड शिसेविरहित सोल्डरने बनतात. ते सुमारे २१७ अंशांना वितळतं, जुनं ६३-३७ चं कथील-शिसं १८३ अंशांना. म्हणून अशा टाक्यावर आयर्न जरा जास्त गरम लागतं, आणि नुसतं वरून सोल्डर थापण्याऐवजी जुनं ओढून काढून नवा टाका घातला तर तो टिकतो.

स्विच मोड सप्लाय आणि क्लास डी ॲम्प असलेले नवे, हलके मिक्सर वेगळं प्रकरण आहे. त्यांत पार्ट बारीक, बोर्ड दाट, आणि सिरीज लॅम्पचा इशाराही नेहमी स्पष्ट नसतो. बल्बमुळे व्होल्टेज पडून सप्लाय सुरूच होत नाही. फुगलेला कपॅसिटर, सुटलेला टाका, फ्यूज इथवर घरच्या टेबलावर हात घालावा. त्यापुढे अनुभव नसेल तर पूर्ण बोर्ड बदलणं शहाणपणाचं. जुन्या, जड ट्रान्सफॉर्मरचा मिक्सर मात्र टाकून देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. त्याचा जवळजवळ प्रत्येक पार्ट आजही बाजारात मिळतो.

दुरुस्ती झाली असं वाटल्यावर स्पीकर लगेच जोडायचा नाही. आधी सिरीज लॅम्पवर, काहीही न जोडता चालू करायचं. बल्ब मंद झाला, आउटपुटवरचा डीसी शून्याजवळ आला, रिलेची टक ऐकू आली, की मग लॅम्प काढून थेट मेनवर. त्यानंतर आठ ओहमचा मोठा वायरचा रेझिस्टर स्पीकरच्या जागी लावून, हजार हर्ट्झचा सूर देऊन तासभर चालवायचं. हा सूर पूर्ण ताकदीने देण्याची गरज नाही. ट्रान्झिस्टरच्या जोडीवर चालणारा जुन्या पद्धतीचा ॲम्प सगळ्यात जास्त तापतो तो पूर्ण ताकदीच्या सुमारे ४० टक्क्यांवर, कारण तिथे ट्रान्झिस्टरवरचं व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोठे असतात. खरी परीक्षा तिथेच होते. मध्ये मध्ये पंख्याचा वारा बाहेर येतोय का पाहायचं, दोन्ही बाजूंच्या ट्रान्झिस्टरचं तापमान एकमेकांशी ताडून बघायचं. एक दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल तर अभ्रकाची चकती आणि स्क्रू पुन्हा तपासायचे. तासाभराने, मिक्सर गरम असतानाच, सूर बंद करून बायस आणि आउटपुटचा डीसी पुन्हा मोजायचा. ते थंड असतानाच्या आकड्यांच्या जवळ असतील, तरच खरे स्पीकर जोडायचे.